हललेल्या काचा

३ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न फोडताच कपाटावर भिरकावलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. तिच्याशी तुझं काही वाकडं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर फोन तू ठेवून देतोस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

भांडण उकरून काढायला लिहीत नाही. स्टुडिओ तेव्हाच विकला असता तर आज दोघंही सुखात असतो, हे तुझं म्हणणं मला पाठ आहे. माझं म्हणणं तुला पाठ आहे. ते तसंच राहू दे. कामाचं सांगतो.

मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि जुन्या फोटोंच्या काचांना बुरशी धरायला लागली. तेव्हा सगळी खोकी मी पुढच्या खोलीत ओढून आणली. आता रोज सकाळी उजेड चांगला असतो तोवर एकेक काच बाहेर काढून बसतो. चकचकीत बाजू ओलसर फडक्याने पुसायची, आणि जिच्यावर माणूस असतो त्या मंद बाजूवर नुसता मऊ ब्रश फिरवायचा. श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा. तुला हे मी सांगायला नको. पण परवा एक गृहस्थ विचारत होते, ‘फिल्मच्या आधी काचेवर फोटो काढायचे? मग फुटत नव्हत्या का काचा?’ म्हटलं, फुटतात, म्हणून तर हात मागे घ्या.

ज्या काचा तगल्या त्यांच्यावरून मी फोटो छापतो आणि दुकानाच्या खिडकीत दोरी बांधून चिमट्यांनी अडकवतो. खाली पाटी लावली आहे: ‘यात तुमचं माणूस असेल तर घेऊन जा.’ आणि लोक घेऊन जातात रे. कुणाचे फोटो आगीत गेले, कुणाचे घर बदलताना, कुणाचे भावाभावांच्या वाटणीत. एक जाडजूड पोलीस आपल्या आजोबांसमोर टोपी काढून उभा राहिला आणि हमसून हमसून रडला. तुझ्या वहिनीने त्याला चहा दिला. तो गेल्यावर ती स्वतः रडली.

अडचण एकच, मला माणसं ओळखू येत नाहीत. मी जन्मभर कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याखाली होतो. तिथे माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. नंतर काचेच्या निगेटिव्हवर दिसतो तो काळ्या दातांचा आणि पांढऱ्या केसांचा. सरळ उभी, बोलणारी माणसं तुझ्या वाट्याला. कॉलर नीट कर, हनुवटी उचल, पोरांना हसव, घरची खुशाली विचार. कोण कुणाचं ते तुलाच माहीत असायचं.

तरी एक काम असं झालंय की तू ऐकच. बाजाराच्या कोपऱ्यावर जिन्याखाली शिलाईचं मशीन घेऊन बसायच्या त्या शिवणकाकू आठवतात? आता पार थकल्यात. मध्यंतरी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या मुलीचा फोटो तुमच्याकडे काढला होता. न्यायला आले नव्हते.’ मुलगी चार-पाच वर्षांची असताना तापाने गेली, हे मला तेव्हाच उडत उडत कळलं होतं. घरात तिचा एकही फोटो नाही. पुढे मूलबाळ झालं नाही. खूण काय, तर तुमच्या इथला मखमली कोट घातला होता.

शोधली, बारक्या! कुरळे केस, मखमली कोट, स्टुलावर अशी ताठ बसली आहे की पापणीसुद्धा हललेली नाही. एका कोपऱ्यातला थर सुटला होता, तो छापताना झाकून घेतला. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला, कागदात बांधला आणि स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. काकूंनी पाहिला, बराच वेळ पाहिला, मनगटाने डोळे पुसले आणि छातीशी धरला. बोलल्या काहीच नाहीत. मी रस्त्याने शीळ घालत घरी आलो. या वयात शोभत नाही, असं वहिनीचं म्हणणं.

एक प्रत जास्तीची छापली होती, ती सोबत आहे. उगाच. काम कसं झालंय ते बघ.

दादा


१९ फेब्रुवारी

बारक्या,

इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघायला मिळालं आणि वाचायला काय मिळालं? ‘दादा, ही शिवणकाकूंची नव्हे. ही सायकलवाल्याची. बाकी ठीक.’ बाकी काय ठीक, डोंबल!

मी ठरवलं होतं की तुला खरमरीत उत्तर द्यायचं. म्हातारपणी नजर अधू होते, बारकू, असं लिहायचं होतं. त्याआधी तुझी जिरवावी म्हणून त्याच मुलीची आणखी एक प्रत खिडकीत लावली. हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्याच दिवशी एक बाई आल्या, केस सगळे पिकलेले, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. खिडकीपाशी थबकल्या आणि रस्त्यावरूनच ओरडल्या, ‘अहो, ही मी!’ सायकलवाल्याचीच थोरली. म्हणाल्या, ‘कोटाला मागून चिमटे लावले होते तुम्ही. हललं की टोचायचे, म्हणून मी हललेच नाही.’

तो कोट! ज्याच्या घरी धड कपडा नाही त्या प्रत्येक पोराला आपण तोच चढवायचो आणि चिमटे लावून मापाचा करायचो. अर्ध्या गावाचं बालपण एका कोटात गेलं आणि मी त्याच कोटावरून पोर ओळखायला निघालो. हसलास ना? हस.

पण आता काय करू ते सांग. शिवणकाकूंच्या घरी दुसऱ्याची मुलगी आहे. त्या तिला आपली म्हणून छातीशी धरून बसल्यात. जाऊन सांगू, की काकू, द्या इकडे, ही तुमची नाही? ती मुलगी त्यांच्या हातून एकदा गेली आहे. आता मी पुन्हा नेऊ?

वहिनी विचारते की तुझी बायको बरी आहे का. मीही विचारतो.

दादा


२७ फेब्रुवारी

बारक्या,

‘सांगून टाक.’ एवढंच लिहितोस. कार्डावर जागा शिल्लक होती.

तुला सांगायला काय जातं? तिथे बसून सल्ला देणं सोपं आहे. मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. पहिल्यांदा पाव घेतला, दुसऱ्यांदा खिळे. आता घरात खिळेच खिळे झालेत. मला वाटतं की राहू दे. त्यांची नजरही जात चालली आहे, मशीन बंद केलं ते त्यामुळेच. डॉक्टर म्हणतात उपाय नाही. थोडे दिवस त्या कुणाकडे तरी आपली म्हणून बघतील, तर बिघडलं कुठे?

मी हे वहिनीला पटवून देत होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘त्यांना त्यांची मुलगी हवी होती. तुम्हाला काम पुरं झालेलं हवं होतं.’ इतकं बोलून भाजी चिरायला लागली. तुम्ही दोघं दीर-भावजय लहानपणापासून ठरवून आल्यासारखे एका बाजूला असता.

उद्या जातो.

दादा


६ मार्च

बारक्या,

जाऊन आलो.

दार उघडंच होतं. एक खोली, खिडकीपाशी ते जुनं मशीन, त्यावर चादर टाकलेली. चादरीवर फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. बसलो असतो तर जमलं नसतं.

काकू म्हणाल्या, ‘बसा. मला त्याच दिवशी कळलं होतं.’

‘कळलं होतं?’

‘आपलं मूल आपल्याला कळणार नाही होय? डोळे गेलेत, पण इतके नाही.’

मग तेव्हाच बोलला का नाहीत, म्हणून मी जरा चिडूनच विचारलं. तर म्हणाल्या, ‘तुम्ही किती हौसेने कागदात बांधून आणलंत. आणि कुणाचं का असेना, दारात आलेलं लेकरू. परत कसं धाडू?’

मी सांगितलं की ती सायकलवाल्याची, चांगली जिवंत आहे, नातवंडं आहेत. काकूंनी फोटोकडे पाहिलं आणि हसल्या. ‘बरं झालं बाई. मी हिला गेलेली समजून रोज विचारपूस करत होते. तिला उचक्या लागत असतील.’

इथपर्यंत सगळं हलकं होतं. मग मी विचारलं की कशावरून ओळखलं. त्या म्हणाल्या, ‘माझी रडत होती.’

आणि सगळं सांगितलं. तुला आठवत असेल, मला अजिबात आठवत नाही. शिलाईचं काम टाकून त्या मुलीला घेऊन आल्या होत्या. पोर स्टुलावर टिकेना. मी म्हणालो म्हणे, हलली तर काच वाया जाईल. मी सगळ्यांनाच म्हणायचो. काकूंना घाई, डोक्यावर काम, आणि लोकांसमोर पोर ऐकत नाही याची लाज. त्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. मुलीने भोकाड पसरलं. तू काकूंना पडद्याबाहेर जाऊन बसायला सांगितलंस, आईसमोर पोरं जास्त रडतात म्हणून. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली तेव्हा डोळे ओले, नाक लाल. काकूंनी तिचा हात धरला आणि तरातरा घरी नेलं. रस्ताभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात ताप आला.

‘तिला बाहेर कुठे नेलं असं ते शेवटचंच,’ काकू म्हणाल्या. ‘घाईघाईत नेलं आणि मारून आणलं. म्हणून फोटो न्यायला आले नाही. रडका चेहरा कसा बघणार होते मी?’

‘मग आता?’

‘आता डोळे जातायत. जायच्या आत एकदा बघावं, कशी रडली ते, आणि माफी मागावी. मला तिचा चेहरा नीट आठवत नाही हो. रडणंच तेवढं आठवतं.’

बारक्या, मी घरी येऊन सगळी खोकी पुन्हा पाहिली. रडणारं पोर एकाही काचेवर नाही. असणार कसं? हललेली काच मी कधी ठेवलीच नाही. ती तुझ्याकडे यायची, सोड्याच्या गरम पाण्यात टाकून खरवडायला आणि नुसती काच चौकटवाल्याला द्यायला. त्यातल्या सगळ्या तू खरवडल्या नाहीस हे मला वाटणीच्या दिवशी कळलं. तू कॅमेरा मागितला नाहीस. खुर्च्या मागितल्या नाहीस. माळ्यावरचं वाया गेलेल्या काचांचं खोकं तेवढं मागितलंस, आणि मी म्हणालो, ने तुझा कचरा.

त्यात ती आहे का ते बघ. मखमली कोट. आणि काय दिसतंय ते मला आधी कळव. फार रडत असेल तर कळवू नकोस, तीही खरवडून टाक, मी सांगेन सापडली नाही म्हणून. नाही, खरवडू नकोस. मला काही कळेनासं झालंय. तूच ठरव.

दादा


१७ मार्च

बारक्या,

कार्ड मिळालं. ‘आहे. घेऊन येतो.’

रडते आहे की नाही? चार शब्द जास्त लिहिले असतेस तर पोस्टाने काही तुला दंड केला नसता. तुझा स्वभाव जायचा नाही, जित्याची खोड. मी रात्रंदिवस तोच विचार करतोय आणि वहिनी म्हणते, येतोय ना तो, मग आणखी काय हवंय?

काच उभी ठेव, आडवी नको. जुन्या मऊ कपड्यात गुंडाळ, वर्तमानपत्रात नको, शाई लागते. बसमध्ये पिशवी मांडीवर घे. खिडकीकडे बसू नकोस, ऊन येतं. काच आणि तू, दोघांसाठी सांगतोय.

तुझी बायको आजारी आहे, एकटी ठेवून मुक्काम करता येणार नाही, हे वहिनीकडून समजलं. नको करूस. सकाळी ये, संध्याकाळी जा. तुझी खोली वहिनीने झाडून ठेवली आहे, दुपारी पाठ टेकायला. मी काही सांगितलं नव्हतं. पलंगाची हलणारी बाजू तेवढी ठोकून ठेवली, खिळे होतेच.

दादा


२ एप्रिल

बारक्या,

नीट पोचलास हे तुझ्या बायकोने वहिनीला फोन करून सांगितलं. ती स्वतः फोनवर बोलली म्हणजे बरं आहे. सांभाळ तिला.

तू आलास त्या दिवशी मी फारसं बोललो नाही. तूही नाहीस. अंधाऱ्या खोलीत आपण कधीच बोलायचो नाही, सवय आहे. पण तू पिशवीतून काच काढून उजेडासमोर धरलीस तेव्हा मी टेबलाची कड धरली, हे तुला दिसलं असणार, कारण तू न विचारता स्टूल पुढे केलंस. मला ते फार बरं वाटलं. तू आलास, मला फार बरं वाटलं. तोंडावर सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

फोटो वाळायच्या आत तुझी बस निघाली, आणि काकूंचं काय झालं ते तुला बघायला मिळालं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

काल सकाळी गेलो. या वेळी कागदात बांधला नव्हता. काकू म्हणाल्या, ‘सापडली?’ म्हटलं, सापडली. त्यांनी हात पुढे केला नाही. आधी पाणी प्यायल्या, मग खिडकी पूर्ण उघडली. मग सुई ओवायला वापरायचं ते भिंग मशीनच्या खणातून काढलं.

मी म्हटलं, ‘काकू, हललेला आहे. चेहरा स्पष्ट नाही.’

‘द्या.’

बूट स्पष्ट आहेत, कोटाची बटणं स्पष्ट आहेत, एक हात स्टुलाला घट्ट धरलेला आहे. वर मात्र नुसती धांदल. डोळ्यांच्या जागी रेघा, दोन तोंडं, आणि दोन्ही तोंडांत मिळून जगातले सगळे दात. मी तेव्हा ही काच वाया गेली म्हणून बाजूला टाकली. आज बघतो तर त्या खोक्यांतल्या एकाही पोरात इतका जीव नाही.

काकू भिंगातून बघत राहिल्या. मग फोटो डोळ्यांना लागेल इतका जवळ नेला.

‘हीच,’ म्हणाल्या. ‘एक क्षण बसेल तर शपथ.’

आणि मग मला विचारलं, अगदी हळू, चुकीचं उत्तर येईल अशा भीतीने, ‘हसतेय का हो?’

‘हसतेय.’

‘माझ्या डोळ्यांमुळे मला तसं दिसत नाहीये ना?’

‘नाही काकू. खदखदून हसतेय.’

‘पण बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते.’

मग तू मला बसस्टँडवर सांगितलंस ते मी त्यांना सांगितलं. तू काळा कपडा डोक्यावरून ओढून आंधळ्यासारखा चाचपडत आलास, आपल्या स्टुलामागच्या पडद्यावर रंगवलेला जिना खरा समजून त्यावर चढायला गेलास, आणि पडद्यासकट खाली आलास. मुलगी आधी घाबरली, मग हसायला लागली ती थांबेचना, इतकी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कोपऱ्यात तुझं कोपर आणि कपड्याची कड आली आहे. तीही दाखवली.

काकूंनी त्या कोपरावरून बोट फिरवलं. मला वाटलं की आता रडतील, म्हणून मी तयारीत होतो. त्या रडल्या नाहीत. फोटो मांडीवर ठेवून म्हणाल्या, ‘वाटभर बडबडत होती ती. जिना, काळं भूत, भूत पडलं. सारखं तेच. मला वाटलं, बघा, मार खाल्ला तरी काही वाटत नाही कार्टीला. गप्प बस म्हटलं. घरी येऊन पुन्हा तेच सुरू. ताप चढला तेव्हासुद्धा भूत पडलं म्हणत होती आणि हसत होती. मी समजले की तापात बरळतेय.’

पुन्हा फोटोकडे बघून म्हणाल्या, ‘ती रागावली नव्हती हो माझ्यावर. मला गंमत सांगत होती.’

मग त्या रडल्या. मीही रडलो, लपवत नाही. पण ते रडणं वाईट नव्हतं रे. पुष्कळ दिवसांनी एखादं दार उघडलं की सुरुवातीला जसं कुरकुरतं, तसं होतं.

नंतर त्यांनी डोळे पुसले आणि फर्मावलं, ‘नीट सांगा, काय काय केलं तुमच्या भावाने. कसा चढला तो जिन्यावर?’ मी पुन्हा सांगितलं. त्यांना पटेना. ‘करून दाखवा,’ म्हणाल्या.

मी! ज्याने आयुष्यात एका पोराला हसवलं नाही, तो मी. पण त्यांची ती मान पुढे काढून बसण्याची तऱ्हा अशी होती की नाही म्हणता येईना. मशीनवरची चादर घेतली, डोक्यावरून ओढली, आणि हात पुढे करून भिंतीवर चढायला लागलो. आधी कपाटाला धडकलो. ते नाटक नव्हतं, खरंच धडकलो. काकू हसायला लागल्या. चादरीखाली मला काही दिसत नव्हतं, नुसतं त्यांचं हसणं ऐकू येत होतं, आणि कितीतरी वेळ मी चादर काढलीच नाही.

पडायचं मात्र जमलं नाही, गुडघे साथ देत नाहीत. त्या म्हणाल्या, ‘तुमचा भाऊ हे जास्त चांगलं करत असेल.’

म्हटलं, ‘हो. पुष्कळ चांगलं.’

‘मग त्यालाच बोलवा. मला दिसतंय तोवर.’

तुझ्या बायकोला बरं वाटू दे, मग तिलाही घेऊन ये. काच आणायची गरज नाही, काही आणायची गरज नाही. मला दिसतंय तोवर ये.

तुझा
दादा